अर्थाची तार

फूलबागच्या सिग्नलवर काटा लालात गेला.
मे महिना, दुपारचे पावणेदोन,
रस्त्यावर मी, उसाच्या रसाचं एक गाडं,
आणि वर किल्ला,
अशा उन्हात पाठ फिरवून बसल्यासारखा.

गाडी धावत होती तोवर ठीक होतं.
थांबली की तापायची.

झाकण उघडायचं नाही, एवढं मला ठाऊक होतं.
ह्यांनी एकदा उघडलं होतं, मोहन्याजवळ;
मनगटावरचा तो पांढरा डाग शेवटपर्यंत राहिला.
मी दुसरं केलं:
खिडक्या उघडल्या आणि हीटर पुरता सोडला,
पंचेचाळीस अंशांत.
इंजिनाची धग अंगावर घेत
पडावाच्या पुलापर्यंत आले.

तिथं एक कडुलिंब, एक बाकडं, एक पाटी:
मुन्नालाल बाथम, ऑटो इलेक्ट्रिक.
वेलांटी उडालेली, म्हणून ‘इलेक्ट्रक’.
मला आधी वेलांट्या दिसतात,
माणसं मागाहून.

बॉनेट उघडून त्यानं आधी काहीच केलं नाही.
ऐकलं.
“एसी चलाइए.”
चालवला. पंखा गप्प.
फ्यूज उपटून उन्हाकडे धरला. आतली तार शाबूत.
हॉर्नचा रिले काढून पंख्याच्या जागी बसवला.
आता हॉर्नही मुका, पंखाही.
मग बॅटरीवरून दोन तारा
थेट मोटरला टेकवल्या
आणि पंखा असा भरारला
की त्याच्या भाच्याच्या हातातली पावती
उडून नाल्यात गेली.

“मोटर में जान है, दीदी.
अर्थ नहीं मिल रहा.”

मी बाकड्यावरून उठलेच.
काय नाही मिळत?

“अर्थ. करंट तो पूरा आ रहा है.
बिना अर्थ के क्या घूमेगा?”

छत्तीस वर्षं मी मराठी शिकवली, लष्करातल्या शाळेत.
खालील शब्दांचे अर्थ लिहा, गुण पाच.
शेवटच्या वर्षी वर्गात तिघं:
एक सप्रे, एक घोरपडे,
आणि बघेलांची सुमन, जी यायची
कारण माझ्या वर्गात कूलर होता.
सगळे अर्थ तिलाच यायचे.
जूनमध्ये विषय बंद झाल्याचं पत्र आलं.
शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या.
हिंदीतल्या. मी तरी दुरुस्त केल्या.

बाथमनं डावा दिवा सोडवला.
त्याच्या मागे, एका बोल्टखाली,
काळी तार, तोंडाशी हिरवा थर.
इथं पाणी साचतं, तो म्हणाला.
तार तुटलेली नसते.
बांधलेलीच असते, जिथल्या तिथं.
नुसती पोचत नाही.

पॉलिश पेपरनं घासत राहिला,
तांबं उघडं पडेपर्यंत, पत्रा चमकेपर्यंत.
बोल्ट आवळला. वरून ग्रीस.
मग इंजिन चालू ठेवून आम्ही तिघं
काट्याकडे बघत उभे राहिलो,
दूध उतू जायची वाट बघावी तसे.
अर्धा.
अर्ध्याच्या वर.
भाचा म्हणाला, गया.
बाथम म्हणाला, रुक.
टक्.
आणि भर्रर्र.

“सत्तर रुपये.”
मी शंभर दिले. त्यानं तीस परत केले,
वर एक सल्ला: पाणी नको, कूलंट घाला.
हॉर्नचा रिले आठवणीनं परत बसवला.

घरी आले, किल्ली काढली.
इंजिन थांबलं. पंखा नाही.
वरच्या गॅलरीतून रस्तोगींची सून ओरडली,
आंटी, गाडी चालू रह गई!
बंद केली आहे, म्हटलं, हा नुसता...
आणि शब्द आठवेना. मराठीतही, हिंदीतही.
किल्ली हातात धरून उभी राहिले.
ती अजून वाकून बघत होती.
तेवढ्यात तो थांबला.